एक हात खिशात

"आधी डावा हात खिशात घाल," टीव्ही दुरुस्त करणारे काका म्हणाले. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन पिक्चर ट्यूबमागे अर्धा वाकलेलो.

जुन्या आर्केड कॅबिनेटचा (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कपाटाचा) १९ इंची मॉनिटर. चित्र कडेला लाटांसारखं हलायचं, म्हणजे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) वाळलेले. नवे आणले होते. प्लग दोन दिवस काढलेला, मग भीती कसली?

काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या पात्याला वायर गुंडाळली, दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या अर्थिंगच्या तारेच्या वेणीला जोडलं आणि पातं ट्यूबवरच्या, हाय व्होल्टेजची वायर जिथे जोडलेली असते त्या रबरी टोपीखाली सरकवलं. टच्च! ठिणगी उडाली.

दोन दिवसांनीही! चालू असताना तिथे २० हजार व्होल्ट असतात आणि ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटरसारखी ते धरून ठेवते. एक हात खिशात असला की करंट या हातातून त्या हातात, छातीतून जात नाही.

बाकी काम दोन तासांत झालं. (एक कपॅसिटर मी उलटा लावला होता. तोही काकांनीच पकडला.) चित्र आता स्थिर आहे.

जाताना त्यांनी आमचा मिक्सरही उघडून पाहिला. डावा हात खिशातच.

तुमच्या गल्लीत असा कुणी टीव्हीवाला उरलाय का अजून?