वर अपील झालं, पुढे काय?

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी मागितल्या होत्या. मी लिहितोय लॉर्ड ड्युनेडिन या एका स्कॉटिश न्यायाधीशावर. संपादक मंडळानं सांभाळून घ्यावं, कारण या माणसाची गाठ शाळेमुळेच पडली.

आपली शाळा खेडची, हुतात्मा राजगुरूंच्या गावची. 23 मार्चच्या भाषणांनंतर एकदा मी इतिहासाच्या सरांना विचारलं, "सर, फाशीविरुद्ध वर अपील नाही केलं का कुणी?" सर म्हणाले, "लंडनपर्यंत गेले होते. तिथंही फेटाळलं." कुणी फेटाळलं, हे पुस्तकात नव्हतं.

पुढे लॉ कॉलेजात करार कायदा शिकताना 1915 चा डनलॉप टायरचा खटला आला. ठरल्यापेक्षा कमी किमतीत टायर विकला तर नगामागे पाच पौंड द्यायचे, अशी अट होती. ही रक्कम दंड की रास्त भरपाई? लॉर्ड ड्युनेडिन यांनी सांगितलं की करारात पक्षकारांनी तिला काय म्हटलंय यावर जाऊ नका, ती खरोखर काय आहे ते न्यायालयानं स्वतः तपासावं. आपल्या करार कायद्यात यासाठी कलम 74 असलं तरी हा निकाल प्रत्येक विद्यार्थी घोकतो. मी तर त्यांच्या प्रेमातच पडलो.

मग एके दिवशी ग्रंथालयात भगतसिंग खटल्याचा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाचा, निकाल हाती लागला. फेब्रुवारी 1931. निकाल देणारे तेच, लॉर्ड ड्युनेडिन!

मूळचे अँड्र्यू ग्रॅहम मरे, एडिंबरोचे, जन्म 1849 चा. 1874 मध्ये वकिली सुरू केली, मग खासदार, लॉर्ड अ‍ॅडव्होकेट (सरकारचे स्कॉटलंडमधले मुख्य वकील), स्कॉटलंडचे मंत्री. 1905 मध्ये मंत्रिपदावरून उठून थेट स्कॉटलंडच्या सर्वोच्च न्यायासनावर, लॉर्ड प्रेसिडेंट म्हणून. (आज असं झालं तर बार रूममध्ये काय काय बोललं जाईल!) 1913 पासून ते लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायपीठावर होते.

व्हाइसरॉय, म्हणजेच गव्हर्नर जनरल, आयर्विननं 1 मे 1930 ला वटहुकूम काढून भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांच्यावरच्या लाहोर खटल्यासाठी खास न्यायाधिकरण नेमलं होतं. त्यावर अपीलच ठेवलं नव्हतं. प्रिव्ही कौन्सिलपुढे आरोपींचे वकील प्रिट यांनी मांडलं की वटहुकूम काढण्याजोगी आणीबाणी मुळात नव्हतीच. ड्युनेडिन यांचं उत्तर असं, की आणीबाणीची नेमकी व्याख्या होत नाही, ती आहे की नाही हे ठरवणार फक्त गव्हर्नर जनरल. टायरवाल्याच्या शब्दावर न विसंबणारे न्यायाधीश व्हाइसरॉयच्या शब्दापुढे थांबले. तेव्हा ते 81 वर्षांचे होते, पण वयाची सबब मला पटत नाही. निकाल छोटा आहे, भाषा स्वच्छ आहे आणि त्यात डळमळीतपणा कुठेच नाही. 23 मार्चला तिघांना फाशी झाली. ड्युनेडिन पुढच्या वर्षी निवृत्त झाले.

डनलॉपचा निकाल मी कोर्टात आजही बेधडक दाखवतो. समोरच्या वकिलानं 1931 चा काढला, तर मी 1994 चा बोम्मई खटला पुढे करतो. राष्ट्रपती राजवटीची घोषणासुद्धा न्यायालय तपासू शकतं, असं त्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे.