ह्यात गाणं कुठाय?

रॉकवाल्या मित्रांना मर्झबो ऐकवला की पहिला प्रश्न ठरलेला : "ह्यात गाणं कुठाय भावा?" नाहीच आहे. टोकियोचा मसामी अकिता 1979 पासून या नावानं 'नॉइज' करतोय, म्हणजे नुसत्या आवाजाचं संगीत, आणि 1996 चा त्याचा 'पल्स डीमन' हा अल्बम म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता करकराट. हात वर करून ओरडावं अशी एक जागा नाही.

मी तिथवर पोचलो गिटारच्याच वाटेनं. गिटार अँपसमोर धरली की अँपचा आवाज तारा हलवतो, तारांचा आवाज पिकअपमधून (तारांखालच्या चुंबकातून) परत अँपमध्ये जातो आणि एक शिट्टी लांबतच जाते. हाच फीडबॅक. सोलोतली हीच जागा मला कायम आवडायची. 1969 ला वुडस्टॉकच्या जलशात गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सनं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, त्यातही मी चाल सोडून मधला धिंगाणाच परत परत लावायचो. अमेरिकन रॉकवाल्या लू रीडनं 1975 मध्ये 'मेटल मशीन म्युझिक' या अल्बममध्ये तेवढंच ठेवलं आणि बाकी सगळं काढून टाकलं. दोन रेकॉर्डी, चार बाजू, प्रत्येकी साधारण 16 मिनिटं फीडबॅक. चौथ्या बाजूची शेवटची खाच स्वतःलाच मिळते, त्यामुळं सुई उचलेपर्यंत आवाज संपत नाही.

(यात डॉल्बी आणू नका. गणपतीत छाती हादरते ती ठेक्यानं. इथं ठेकाच नाही.)

उद्यमनगरात आमचं लेथचं शॉप आहे. संध्याकाळी मशीनं थांबली की मी हे स्पीकरवर लावतो. एकदा आमचे जुने टर्नर, सगळे त्यांना मामा म्हणतात, हात पुसत आत आले. "मालक, टूल चॅटर मारतंय." लेथचं टूल थरथरून किंचाळतं, त्याला चॅटर म्हणतात. पण मशीन बंद होतं. मग स्पीकरकडं वळले, मान तिरकी केली, जॉब चालू असताना करतात तशीच. बराच वेळ काही बोलले नाहीत. "वरचं किंचाळतंय ते सोडा. खाली घूं करतंय न्हवं, ते बारीक बारीक बदलतंय."

माझ्या रॉकवाल्या मित्रांपैकी एकालाही हे ऐकू आलं नव्हतं. ते गाणं सुरू व्हायची वाट बघत बसतात. मामा कशाचीच वाट बघत नव्हते.

सगळंच नॉइज भारी असतं असं नाही. पुष्कळांचं म्हणजे गिटारचा आवाज बिघडवणारी चार पेडल दाबून चहाला गेल्यासारखं असतं, ते मी दोन मिनिटांत बंद करतो.

मामांना मग 1980 पासून वाजवणाऱ्या बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंड नॉयबाउटन या बँडबद्दल सांगितलं. लोखंडी पत्रे, ड्रिल, सगळं स्टेजवर.

"आनि त्याचं पैसं मिळत्यात त्यास्नी?"

"मिळतात की."

"मग माझी पगारवाढ कुठं अडलीया?"