भीड

सोमवार, रात्री साडेदहा

पर्समध्ये येशूची सुवार्ता सांगणाऱ्या चोवीस छापील पत्रिका आहेत. रविवारी पंचवीस होत्या. जी एक कमी झाली, ती चिरंजीवांनी भूगोलाच्या पुस्तकात खूण म्हणून घातली आहे. म्हणजे सुवार्ता अजून आमच्या घराबाहेर पडलेली नाही.

नाताळ जवळ आला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे ठरलेलं. उपासना संपली की पाळकसाहेब दारात उभे राहून प्रत्येकाच्या हातात गठ्ठा ठेवतात. "अनोळखी माणसांना द्यायच्या, एकमेकांना नाही," असं बजावतातही, कारण एका वर्षी आम्ही खरोखरच एकमेकांना देऊन मोकळे झालो होतो.

आज दिवसभर गठ्ठा डब्याशेजारी होता. कोपऱ्यांना लोणच्याचं तेल लागलंय.

दवाखान्यात मी देत नाही. बावीस वर्षं नर्सिंग करतेय आणि पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं होतं की ज्याला उठून जाता येत नाही, त्याला काही सांगायचं नाही. हाताला सलाईन लावलेला माणूस सिस्टरला 'नको' कसा म्हणेल? उद्या इंजेक्शन माझ्याच हातून घ्यायचं असतं त्याला. त्यानं मान डोलावली तरी ती मान माझ्या युनिफॉर्मसाठी डोललेली असते. हा नियम मला पटतो, अजूनही. पण दवाखान्याबाहेर, रिक्षात, भाजीवाल्याकडे, पार्लरमध्येही मी तो वापरते, आणि तिथे मात्र सगळ्यांना उठून जाता येतं. तेव्हा तो नियम नसतो, निव्वळ भीड असते.

गुरुवार, आईकडे, नगर

(आता अहिल्यानगर म्हणायचं. पण आमचा कंडक्टर आजही "नगर, नगर" असंच ओरडत होता.)

वाकडेवाडीहून सकाळची बस धरली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून निम्म्याहून अधिक गाडी बायकांचीच असते. खिडकी मिळाली. शेजारी पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी, मांडीवर नायलॉनची पिशवी. वाघोलीपर्यंत आम्ही दोघी गप्प. मग त्यांनी एक घडी घातलेला कागद पुढे केला. "ताई, ह्यावर काय लिव्हलंय, जरा सांगता का?"

लेकीच्या बाळाचा कागद होता. सातव्या महिन्यातलं बाळ, वजन अकराशे ग्रॅम, अठरा दिवस काचेच्या पेटीत. मी नर्स आहे म्हटल्यावर त्या माझ्याकडे पूर्ण वळूनच बसल्या. शिक्रापूर येईपर्यंत तेच बोलणं. आईचं दूध काढून नळीनं देतात त्यात घाबरण्यासारखं काही नाही, रोज वीस ग्रॅम वाढलं तरी पुष्कळ, आणि डॉक्टर परवानगी देत असतील तर लेकीनं बाळाला उघड्या छातीशी धरून बसायचं, कांगारूसारखं. त्यानं बाळाची ऊब टिकते आणि वजनही वाढतं. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण घाईत. आमच्या वॉर्डातही आम्ही घाईतच सांगतो.

रांजणगाव आलं तसे त्यांनी बसल्या जागेवरून गणपतीला हात जोडले. मग माझ्या मंगळसूत्राकडे नजर गेली. काळ्या मण्यांत माझा छोटा क्रूस आहे.

"तुम्ही ख्रिश्चन?"

"हो."

"वाटत न्हाई."

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलेय. त्याच्यामागून येणारे प्रश्नही पाठ आहेत. गोव्याच्या का? घरी इंग्रजी बोलता का? आणि हे दोन संपले की जरा आवाज खाली करून, मूळचे कोण? त्या तिसऱ्याला मी लहानपणी फार घाबरायचे. आता 'नेवाशाचे' असं गावाचं नाव सांगते आणि समोरच्याला त्यातून काय काढायचं ते काढू देते. मावशींनी यातलं काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "हरेगावला गेल्ये मी, मतमाउलीच्या जत्रंला. लई गर्दी."

आता आली का पंचाईत! आम्ही प्रोटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. मतमाउलीचा, म्हणजे मरियेचा, सण कॅथलिकांचा. "ते वेगळे, आम्ही वेगळे," हे ओठांवर आलं होतं. सोळाव्या शतकातलं युरोपातलं भांडण एसटीत शिरूरच्या अलीकडे काय उघडायचं, म्हणून गिळलं. "हो, सप्टेंबरात असते," एवढंच म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "मी ह्या गणपतीला बोललेय. मोहट्याच्या देवीला बोललेय. तुमच्यात नवस बोलत्यात का?"

चोवीस पत्रिका मांडीवरच्या पर्समध्ये. प्रश्न आपल्या पायांनी चालत आला होता. आणि मला वाक्यच सुचेना. शेवटी म्हटलं, "नवस नसतो, मावशी. मागणं असतं. अमुक दिलंस तर तमुक देईन, असं ठरवून मागत नाही आम्ही."

"मग फेडता काय?"

"फेडायचं नसतंच."

त्या थोडा वेळ शिरूरच्या पुलाखालच्या घोड नदीकडे बघत राहिल्या. "फेडायचं न्हाई म्हंजी… मग द्येव ध्यानात कसं ठेवतो?"

रविवारच्या शाळेत दहा वर्षं शिकवलंय मी. कृपा म्हणजे काय यावर फळ्यावर चित्रं काढली आहेत. पण द्येव ध्यानात कसं ठेवतो, हे मला कुणी विचारलेलं नव्हतं. नवस फेडणं म्हणजे ओळख ठेवणं, येणं-जाणं ठेवणं, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तो नुसता सौदा समजत होते. मी म्हटलं, "आम्ही मानतो की तोच आधी येतो. आपण बोलवायच्या आधी. नाताळ म्हणजे तेच. गोठ्यात येऊन जन्मला."

त्यावर मावशी झटकन म्हणाल्या, "आमचा इठोबाबी आलाच की. पुंडलिकानं कुठं आवतण दिलं हुतं? इटंवर हुभा ऱ्हायला."

मला हसू आलं. त्याही हसल्या. पुढे काय बोलायचं ते ना त्यांना सुचलं ना मला, आणि ते बरंच झालं.

प्रार्थना केली की बाळ बरं होईल, असं मी म्हटलं नाही. चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या, सभांतून लोक असं बेधडक सांगतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. अकराशे ग्रॅमची बाळं मी पाहिली आहेत, घरी गेलेली आणि न गेलेली. सुपं जवळ आल्यावर त्याच म्हणाल्या, "तुमच्या देवाला सांगा माझ्या नातवाचं. लेकीचं नाव लिहून घ्या, इसरताल." कागद शोधायला पर्स उघडली तर त्या तेलकट पत्रिकांशिवाय काहीच नव्हतं. एकीच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नाव लिहिलं (इथे लिहीत नाही), खाली 'अकराशे ग्रॅम'. सुप्याला मावशी उतरल्या. पत्रिका माझ्याकडेच राहिली.

त्याच दिवशी, झोप येत नाही

आईच्या घरी भिंतीवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा फोटो आहे. नगरच्या ख्रिस्ती घरांत तो असतोच. त्यांची गोष्टही गाडीतलीच. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा मिशनरी भेटला, बोलणं झालं, त्यानं बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळक वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्याकडे पत्रिका वाटायची वेळ आली की ही गोष्ट हमखास सांगतात: बघा, एका प्रवासातल्या एका भेटीनं काय होतं!

मला मात्र तिथे नेहमी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. त्या डब्यात नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याच्या हाती गाडीत काय पडलं, याचं मोल त्यांनी भरलं: ताटातूट, लोकांची बोलणी, माहेर-सासरची रडारड, मुलाची ओढाताण. १९००मध्ये त्यांनी स्वतःचा बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या पायांनी चालत, त्यांच्या वेळेला. पुस्तक देणारा साहेब आपल्या स्टेशनवर उतरून गेला असेल. अनोळखी माणूस म्हणतो आपण, पण तो आपल्यालाच अनोळखी. घरी त्याची वाट बघणारी माणसं असतात. सुप्याच्या मावशींनाही असतील.

याचा अर्थ बोलूच नये असा मी काढला की मला माझाच संशय येतो. सोयीचा अर्थ आहे तो.

माझी आजी नेवाशाकडच्या वडाळा मिशनकडे बायबलबाई होती. पिशवी घेऊन बायबल सांगत गावोगाव चालत जायची. वेशीबाहेरच्या वस्तीत थेट घरात शिरून जात्याचा खुंटा धरायची, गावात मात्र ओट्याखाली उभं राहावं लागायचं आणि पाणी वरून ओंजळीत. ती म्हणायची, आधी पायलीभर दळण, मग प्रभूचं नाव. दळताना ज्या ओव्या म्हणायची त्यात निम्म्या येशूच्या आणि निम्म्या भावाच्या, माहेराच्या, कुठली संपली आणि कुठली लागली ते कळायचं नाही. टिळकही म्हणत की आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी पोहोचलो. त्यामुळे मावशींचा विठोबा आडवा आला तरी मला परकं वाटलं नाही.

शनिवार, पुणे

नवऱ्याला सांगितलं. तो वकिलाकडे कारकून, त्याला लगेच कलमं सुचतात. घटनेच्या २५व्या कलमात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे, पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. "आणि हल्ली कुणी मोबाइल काढून व्हिडिओ घेईल, गाडी थांबवतील, जपून बोलत जा." त्याची काळजी खरी आहे. मंडळीतल्या दोघांना असा अनुभव आलाय. मी म्हटलं, मी काही बोललेच नाही, त्याच विचारत होत्या. तो म्हणाला, "व्हिडिओत ते दिसत नाही."

संध्याकाळी बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र काढून पाहिलं, ३:१५. आशेविषयी विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला सिद्ध असा, असं आहे. विचारपूस करणाऱ्याला. आणि पुढे: ते सौम्यतेनं व भीडस्तपणानं द्या. हे वचन मला तोंडपाठ आहे, पण 'भीडस्तपणा' या शब्दावर आज पहिल्यांदा थांबले. भीड ही भिकेची बहीण, हे आईनं घोकून घेतलेलं; नर्सिंगला जाताना तर तिनं भीड सोड म्हणून चार वेळा सांगितलं होतं. आणि इथे पेत्र म्हणतो, भीड बाळगून बोला. पण बोला.

सोमवारी लिहिलेली 'निव्वळ भीड' खोडावी का, असा विचार केला. नाही खोडली. तेव्हाची भीड गप्प बसायला होती.

रविवार

पाळकसाहेबांनी गठ्ठ्याचं विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. तेवीस उरल्यात, शिवाय ती नाव लिहिलेली.

दुपारी महिला मंडळात प्रार्थनेसाठी विनंत्या घेत होत्या. कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाची नोकरी. माझी पाळी आल्यावर पत्रिका उलटी करून नाव वाचलं, बाळ काचेत आहे म्हटलं.

आमच्या सगळ्यात वयस्कर बाईंनी चष्म्यातून बघत विचारलं, "आपल्या मंडळीतलं आहे का गं?"

"नाही. बसमधलं."

"बरं," म्हणाल्या. "वजन किती?"

"अकराशे ग्रॅम. गुरुवारी."

त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थनेत वजनासकट नाव घेतलं.