बँक म्हणते आधार लिंक आहे, मग माझे पैसे गेले कुठं?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून, म्हणजे राज्य सरकारच्या दरमहा विद्यावेतन देणाऱ्या प्रशिक्षणाच्या योजनेतून, मी कामाला लागले होते, त्याचा हा अनुभव. महास्वयम या सरकारी रोजगार साइटवर नोंदणी, कागद अपलोड वगैरे दोन संध्याकाळी उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त साइट दिवसा लटकायची म्हणून मी रात्री जेवणं झाल्यावर बसायचे. वयाची अट 18 ते 35 होती, मी तेव्हा 33. नाशिकला अंबडमधली माझी कंपनी 2020 ला बंद पडली तेव्हापासून बीकॉम होऊन घरीच, आणि चार वर्षांची गॅप दिसली की मुलाखत घेणारा फाईल मिटून टाकायचा. इथं गॅपबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही, एवढ्यासाठी तरी योजनेचं नाव घ्यायला हवं. एका सरकारी ऑफिसात आवक-जावकला बसले. विद्यावेतन तेव्हा पदवीला महिना 10,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, बारावीला 6,000 होतं.

पहिला महिना गेला, बरोबरच्यांच्या खात्यात पैसे आले, माझ्या नाही. म्हटलं उशीर होत असेल. दुसराही गेला. ऑफिसात विचारलं तर हजेरी पाठवलीय म्हणाले, स्क्रीनवर दाखवली पण. रोजगार कार्यालयात गेले तर "मॅडम, आमच्याकडून गेलेत, सक्सेस दिसतंय". मग बँक. काउंटरवरच्यानं आधार नंबर टाकला आणि वर न बघताच, "लिंक आहे ताई, प्रॉब्लेम तिकडचा आहे." तिकडचा म्हणजे कुठला ते सांगेना. असे तीन हेलपाटे झाले, दर वेळी अर्धी सुट्टी टाकून सीबीएस स्टँडवरून सिडकोची सिटीलिंक बस पकडायची, तिकडं रांग, मग लंच टाइम, मग सर्व्हर डाऊन. तिसऱ्यांदा मी चिडून मोठ्यानं बोलले तर आजूबाजूचे माझ्याकडंच बघायला लागले, जसं काही मीच फुकटचं मागतेय!

शेवटी उलगडा कुणी केला, तर झेरॉक्सवाल्या पोरानं. म्हणाला, ताई लिंक वेगळं नि सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या बँकेत टाकायचे त्याची नोंद, वेगळं. एकच आधार चार खात्यांना लिंक असू शकतं, पण सरकारी पैसे एकाच बँकेत पडतात, शेवटी जिथं सीडिंग झालं तिथं. त्यानं तिथंच माय आधारच्या साइटवर ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस उघडलं, तर नाव भलत्याच बँकेचं! डोकं खाजवल्यावर आठवलं, सिम पोर्ट करताना दुकानात अंगठा लावला होता, त्या दुकानदारानं एक पेमेंट्स बँकेचं खातंही उघडून दिलं होतं म्हणे. मला पत्ताच नाही. ॲप टाकलं, 20,000 रुपये तिथं निवांत पडलेले. हसावं की रडावं कळेना, शालीमारला उभी राहून आईला फोन केला तर ती आधी मलाच ओरडली.

पैसे वळते करून घेतले आणि आपल्या बँकेत जाऊन सीडिंगचा संमती फॉर्म दिला. त्यात जुनी बँक कोणती हा रकाना असतो, तो मोकळा सोडू नका. पोच मागा, ते आपणहून देत नाहीत. आणि "लिंक करा" म्हणूच नका, "डीबीटीसाठी सीडिंग" (डीबीटी म्हणजे थेट खात्यात येणारे सरकारी पैसे) असंच म्हणा, नाहीतर पुन्हा तेच उत्तर मिळेल. आठवड्यानं साइटवर स्वतः बघितलं, बँक बदललेली होती, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. पुढचे पैसे नीट आले. मुदत आधी 6 महिन्यांची होती, नंतर 2025 मध्ये 5 वाढवले, तेही केले.

हो, आणि आधारला मोबाईल नंबर चालू असलेला आहे का ते सगळ्यात आधी बघा, हे खरं तर वर लिहायला हवं होतं. ओटीपीच आला नाही तर पुढचं काहीच होत नाही, माझ्या शेजारच्या टेबलावरची त्यातच पंधरा दिवस अडकली होती.