निळा ठिपका

शुक्रवार, रात्रीचे अकरा. पाऊस.

सोमवारी काढलेला फोटो आज शेवटी माणसांना दाखवला. चार दिवस मी एकटीच उघडून बघत होते, कमी मार्कांची मार्कशीट बघावी तशी.

फोटो साधाच. आजीची पितळी परात, तिच्यात आमच्या सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं (पेरू, सीताफळ, आंबा, दोन केळी) आणि बाजूला पेटतं निरांजन. लाकडी फळं अशासाठी, की ती कुजत नाहीत. शिकाऊ माणसाला एकाच पेरूचे दीडशे फोटो काढावे लागतात. खोलीतले दिवे सगळे बंद.

आधी कॅमेरा हातात धरूनच काढला. भिंगाचं तोंड मोठं उघडं (एफ १.८), उजेड टिपण्याची ताकद वाढवलेली (आयएसओ ३२००), वेळ १/१५ सेकंद. पेरू जेमतेम स्पष्ट, मागच्या सीताफळाचं पिठलं, आणि काळोखभर रवा सांडल्यासारखे दाणे. मग वहीत हिशेब मांडला. सगळी फळं स्पष्ट हवीत तर भिंगाचं तोंड बारीक करून एफ ८ वर जायचं, म्हणजे उजेड विसाव्या हिश्श्यावर. दाणे नकोत तर आयएसओ २००, म्हणजे आणखी सोळापट वेळ. सगळं मिळून २० सेकंद! ट्रायपॉड नाहीच. मसाल्याच्या डब्यावर तांदळाची पिशवी ठेवली, तिच्यात कॅमेरा रुतवला, बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला, आणि आईला म्हटलं, वीस आकडे मोजेपर्यंत पाऊल टाकू नकोस. आमच्या माडीची जमीन फळ्यांची आहे. ती बिचारी हातात पापडाचा डबा घेऊन उभी राहिली.

मैत्रिणीला पाठवला, तर ‘भारी गं!’ आणि तीन बदाम. याचं काय करायचं? आईने नीट बघितला आणि म्हणाली, ‘‘तूप कमी घातलंस. वात काजळलीय.’’ हे निदान फोटोत होतं तरी.

मग छत्री घेऊन चितारआळीत गेले, जिथून फळं घेतली त्या आजोबांकडे. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ आणला.

‘‘ह्यो पेरू? माका चिकू दिसता.’’

खरंच होतं ते. ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड केशरी), कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची झाक आपोआप काढणारी सोय, तिथवर पोचलाच नाही, आणि त्या केशरीत पेरूचा हिरवा गेला. मला हे दिसत नव्हतं असं नाही. मी त्याला मनातल्या मनात ‘वातावरण’ म्हणत होते.

मग त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. ‘‘आणि ह्यां निळां खंयसून इलां?’’

पेरूच्या गालावर, रोगणाच्या चकाकीशेजारी, मोहरीएवढा निळा ठिपका. चार दिवसांत मला एकदाही दिसला नव्हता! ज्यांचा जन्म लाकडावर रंग आणि चकाकी बसवण्यात गेला, त्यांना तो पाच सेकंदांत खुपला. घरी येऊन शोधला, तर राऊटरचा दिवा. एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही, पण २० सेकंद मिळाले की तोही स्वतःचा फोटो काढून घेतो.

निघताना त्यांनी ज्योतीवर बोट ठेवलं. ‘‘दिवो बघू की फळां?’’ ज्योत कसली, नुसता पांढरा फटफटीत डाग. डोळा तिथेच जाऊन अडकत होता.

वाटेत आत्याकडे चहाला थांबले. तिच्या भिंतीवर ती दिवा घेतलेली बाई आहे, पुष्कळ घरांत राजा रविवर्म्याची म्हणून टांगलेली असते ती. चित्र सावळाराम हळदणकरांचं, ज्यांचा जन्म आमच्या सावंतवाडीतला, १८८२ चा. मूळ जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लहानपणापासून ही छापील प्रत बघतेय, आणि ज्योत तिने पंजाआड धरलीय हे आज कळलं. उजेड आहे तो बोटांच्या कडांवर आणि चेहऱ्यावर. चहा गार झाला. आत्या म्हणाली, आवडत नाही तर सांग ना, साखर घालते.

आता रात्री परत मांडलं सगळं. निरांजन तांब्याआड सरकवलं, व्हाइट बॅलन्स हाताने खाली आणला, माझ्या कॅमेऱ्यात २५०० च्या खाली जातच नाही. राऊटरवर आईची मोठी टिकली चिकटवली. या वेळी तूप भरपूर. पाचव्या फोटोत पेरूला हिरवी झाक आली आणि तांब्याच्या कडेने उजेडाची एक बारीक रेघ उतरली, ती मी मागितलीही नव्हती. डावीकडची केळी मात्र काळोखात बुडाली. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर ती दिसतायत, पण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख, काळोख डावीकडे) डाव्या भिंतीला टेकून बसलाय, म्हणजे छापलं की जाणार. तिथे पांढरा पुठ्ठा उभा करून थोडा उजेड परतवावा, की राहू दे काळोख? ठरत नाहीये. दोन्ही काढून ठेवलेत. उद्या दोन्ही आजोबांना दाखवते, कुठला कोणता ते न सांगता.

आई आत्ताच येऊन गेली. ‘‘राऊटराचं हळदीकुंकू केलंस काय गो?’’