ऊब विकणे आहे

फोटो काढायचा म्हणून स्लीपिंग बॅग सकाळपासून पलंगावर मोकळी पसरून ठेवली आहे. पिसांची बॅग पिशवीतून काढली की लगेच फुगत नाही, तिला काही तास द्यावे लागतात. घाईत काढलेल्या फोटोत ती चपटी, मरगळलेली दिसते आणि मग लोक निम्म्या भावात मागतात.

भावाआधी सगळे एकच विचारतात. ‘काका, मायनस किती डिग्रीपर्यंत चालते?’ खरं सांगायचं तर या बॅगेच्या वयाच्या कुठल्याच बॅगेला याचं छातीठोक उत्तर देता येणार नाही. त्या काळी लेबलावरचा आकडा म्हणजे बनवणाऱ्याचा आपला अंदाज, कधी प्रामाणिक तर कधी दुकानदारीचा. २००२ साली युरोपात ‘ईएन १३५३७’ हे मानक आलं, तेव्हापासून आतून तापवलेला पुतळा बॅगेत झोपवून मोजमाप होऊ लागलं. त्यात ‘कम्फर्ट’चा आकडा सर्वसाधारण बाईच्या हिशेबाने धरतात आणि त्याखालचा ‘लिमिट’ पुरुषाच्या. जाहिरातीत बहुधा दुसराच ठळक छापलेला असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

माझ्या बॅगेचं लेबल धुण्यात कधीच पुसलं गेलं, ते एका अर्थी बरंच झालं. मी विचारणाऱ्याला म्हणतो, आकडा सोडा, फुगवटा बघा. आत हंसाच्या छाती-पोटावरची लव आहे, वरच्या पिसांच्या खाली असते ती. तिला मधला ताठ दांडा नसतो, एका ठिपक्यातून चहूकडे बारीक तंतू फुटलेले असतात. तंतूंमध्ये हवा अडकते आणि थंडी अडवते ती ही अडकलेली हवा. बॅग स्वतः काडीचीही उष्णता तयार करत नाही, आपल्याच अंगाची ऊब आपल्याला राखून देते. त्यामुळे कुडकुडत आत शिरणारा बराच वेळ कुडकुडतच पडून राहतो. त्याआधी तंबूबाहेर चार उठाबशा काढाव्यात.

बॅग खिडकीशी उजेडात धरली की तिची सगळी कुंडली दिसते. कप्प्याकप्प्यांत लव सारखी पसरलेली दिसली तर ठीक. गळ्यापाशी मात्र दोन-तीन कप्प्यांत गडद गोळे आहेत, आणि तिथलं कापडही काळपटलंय. माणसाच्या अंगाचं तेल आणि घाम वर्षानुवर्षं तिथेच मुरतो, लव चिकटते आणि फुगेनाशी होते. धुतली की बरीचशी सुटते, पण धुणं हे जोखमीचं काम. साधी पावडर लवेचं नैसर्गिक तेल काढून टाकते, तिचा साबण वेगळा मिळतो. ओली बॅग एका टोकाला धरून उचलली तर आतल्या पडद्या पाण्याच्या वजनाने टरकन फाटतात. दोन्ही हात खालून घालून, झोपलेल्या पोरासारखी उचलायची. मग वाळेपर्यंत अधूनमधून बोटांनी गोळे फोडत बसायचं. शिवणीतून एखादं पीस डोकावलं तर उपटायचं नाही, मागून चिमटीत धरून आत ओढून घ्यायचं. उपटलं की भोक मोठं होतं आणि त्याच्या मागची भावंडं रांग लावतात.

कृत्रिम धाग्याची बॅग ओली झाली तरी थोडीफार ऊब देते, लव मात्र भिजली की संपली. हिवाळ्यात पाऊस नसला तरी आपला श्वास असतोच. नाक आत खुपसून झोपलं की वाफ लवेत जाते, आणि मुक्कामाच्या रात्री वाढतात तशी बॅग दमट, जड होत जाते. डोकं टोपीत आणि तोंड बाहेर, हे घेणाऱ्याला मी बजावून सांगणार आहे, त्याने ऐकलं नाही तरी.

इतक्या जणांनी डिग्री विचारली, पण ‘इतकी वर्षं ठेवली कशी होती?’ हे एकानेच विचारलं. जुन्या पिसांच्या बॅगेचं सगळं मोल या प्रश्नात आहे. लहान पिशवीत वर्षानुवर्षं कोंबून ठेवलेली लव दबून जाते, मग ती पहिल्यासारखी फुगत नाही. ही कपाटात टांगलेली असायची, आणि तिच्यापायी घरात माझे कोट कायम चुरगळलेले. त्या गृहस्थांना भावात सूट द्यायला मी तयार आहे.

त्यांनी जाता जाता खालची मॅटही मागितली. मागणं चुकीचं नाही, कारण अंगाखालची लव वजनाने दबते आणि जमिनीचा गारठा खरं तर मॅटच अडवते. पण मॅट मी देणार नाही. दुपारी पाठ टेकायला ती मला लागते.