मोरीचं पाणी केळीला : कर्दळीच्या वाफ्याची खबरबात

घरचं सांडपाणी गाळून झाडांना द्यायला खडी भरून वाफा केलाय आणि त्यात कर्दळ लावली आहे. ती आता कमरेएवढी झाली आणि वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वासही गेला. यात फक्त न्हाणीचं आणि कपड्यांचं पाणी येतं, संडासाची लाइन पूर्ण वेगळी. स्वयंपाकघराचं तूर्त बाहेरच, कारण तेलकटपणाने खडी बुजते आणि त्यासाठी तेल अडवणारी टाकी आधी बांधावी लागेल.

मापं बरेच जण विचारतात. वाफा २ मीटर लांब, १ मीटर रुंद. पाण्याची पातळी ५० सेंटिमीटर, वर १० सेंटिमीटर कोरडी खडी, म्हणजे डासांना उघडं पाणी मिळत नाही. खडीतली पोकळी ४० टक्के धरली तर ४०० लिटर पाणी मावतं. घरातून रोज २०० लिटरच्या आसपास येतं, म्हणजे ते आत साधारण दोन दिवस राहतं. तोंडाशी मोठे दगड टाकलेत, साबणाचा गाळ तिथेच बसतो आणि उपसायला सोपा जातो.

पण नितळ दिसतं म्हणून कोणी हे पाणी कोथिंबिरीवर मारू नका. वाफा गाळ आणि वास कमी करतो, जंतू सगळे मरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनाचाही रोख हाच आहे: नुसत्या शुद्धीकरणावर विसंबू नका, पीक कोणतं आणि पाणी कसं देता हेही बघा. म्हणून माझ्याकडे केळी, नारळ आणि शेवगा. पालेभाजी, मुळा, काकडी विहिरीच्या पाण्यावर. आपल्याकडे मोरीमागे केळ आणि अळू लावायचे, ते उगाच नव्हे.

नळी पालापाचोळ्याच्या खाली सोडली आहे. ठिबकचे ड्रीपर तंतूंनी आणि शेवाळाने लगेच तुंबतात, त्यापेक्षा मोठ्या भोकांची साधी नळी बरी. वाफ्यातून बाहेर आलेलं पाणी साठवून ठेवत नाही, त्याच दिवशी आळ्यात जातं. घरात कुणाला जुलाब असले, किंवा बाळाची दुपटी धुतली, की कॉक फिरवून सगळं शोषखड्ड्यात. पावसाळ्यातही तेच.

आता खरी काळजी जमिनीची. आमची काळी माती, आणि धुण्याच्या पावडरीतला सोडियम तिला चिकट, घट्ट करतो. पाणी मुरेनासं होतं. म्हणून एका केळीच्या रांगेला आलटून पालटून विहिरीचं पाणी देतोय, दुसरीला फक्त वाफ्याचं. उन्हाळा संपताना दोन्हीकडची माती तपासायला देईन. सोडियमऐवजी पोटॅशवर आधारलेला द्रव साबण कुणी कपड्यांना वापरत असेल तर डाग निघतात का, तेवढं सांगा.